मल्टिमीटरचं रीडिंग किती खरं मानायचं आणि फर्मवेअर अपडेट कधी करायचं

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, मल्टिमीटर मागितला की दुकानदार आधी बजेट विचारतो. तीनशे रुपयांच्या आतला पिवळा मीटर काढतो, नाहीतर काउंटरखालून ब्लूटूथ, मेमरी आणि रंगीत डिस्प्ले असलेला डबा वर येतो. हा दुसरा डबा घरी आणला की महिन्या-दोन महिन्यांत नवशिक्याला एक प्रश्न पडतोच. मीटरला अपडेट आलंय, टाकू का? आणि टाकलं तर रीडिंग सुधारेल का?

बहुतेक वेळा सुधारणार नाही. चुकीचं रीडिंग लीडमधून, म्हणजे मीटरच्या मोजायच्या वायरींतून येतं, संपत आलेल्या सेलमधून येतं, नॉबखालच्या पट्ट्यांवरच्या काळेपणातून येतं, मुंबईच्या हवेतून येतं आणि बरेचदा आपण भलत्याच रेंजवर मोजत असतो म्हणून येतं. फर्मवेअरचा, म्हणजे मीटरच्या चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅमचा, नंबर या सगळ्यांच्या नंतर लागतो. म्हणून आधी मीटर ओळखायचा, मग तो तपासायचा, वहीत नोंद करायची आणि मगच अपडेटला हात घालायचा. हा क्रम मोडला तर अपडेटने रीडिंग बदललं की ते आधीपासूनच तसं होतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

मीटरमध्ये फर्मवेअर आहे का, ते आधी बघा

पिवळ्या डीटी ८३० जातीच्या मीटरमध्ये अपडेट करण्यासारखं काही नसतं. झाकण उघडलंत तर बोर्डावर काळ्या राळेचा एक गोल थेंब दिसेल. त्याखाली १९७० च्या दशकातल्या आयसीएल ७१०६ या चिपच्या वंशातली चिप असते. तिच्यात प्रोग्रॅम नाही. ठरलेल्या वेळेपुरता ती मोजायच्या व्होल्टेजने एक कपॅसिटर भरते, मग आतल्या रेफरन्स व्होल्टेजने, म्हणजे तुलनेसाठी ठरलेल्या व्होल्टेजने, तो रिकामा करते आणि रिकामा व्हायला किती वेळ लागला ते मोजते. तो आकडा थेट डिस्प्लेवर येतो.

म्हणजे रीडिंग हे कायम रेफरन्सच्या तुलनेत असतं. भाजीवाल्याचं एक किलोचं वजनच हलकं असेल तर पाऊण किलो भेंडीही एक किलो भरते. तसंच इथे रेफरन्स खाली घसरला की रीडिंग वर चढतं. या पिवळ्या मीटरचा रेफरन्स ९ व्होल्टच्या बॅटरीवरूनच तयार होतो आणि बॅटरी साधारण ७ व्होल्टच्या खाली गेली की तो डगमगायला लागतो. घरातल्या सॉकेटवर अचानक २५०-२६० दिसायला लागलं की लोक वीज कंपनीला शिव्या घालतात. आधी बॅटरी बदलून पाहावी.

मधल्या किमतीचे ऑटो-रेंज, म्हणजे रेंज आपोआप निवडणारे, मीटर थोडे वेगळे. त्यांच्यात फर्मवेअर असतं, पण ते कारखान्यात एकदाच भरलेलं. शेजारी एखादी छोटी मेमरी चिप असते, तिच्यात कॅलिब्रेशनचे, म्हणजे रीडिंग प्रमाणाशी जुळवून घेणारे, आकडे. बाहेरून अपडेट करायला दारच नसतं. यूएसबी केबल मिळाली म्हणजे अपडेट होतं असं नाही, ती केबल बहुतेक वेळा फक्त रीडिंग संगणकावर पाठवायला असते. ब्लूटूथ मीटरच्या बाबतीतही हाच घोळ होतो. मोबाइलवरचं अॅप अपडेट झालं म्हणजे मीटर अपडेट झाला असं नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरोखर अपडेट होणारे मीटर कमी आहेत. हातात धरायच्या मीटरमध्ये फ्लूकचे २८७ आणि २८९ इन्फ्रारेड केबलने अपडेट होतात, ईईव्हीब्लॉगचा १२१ जीडब्ल्यू मायक्रो एसडी कार्डाने. टेबलावरच्या मीटरमध्ये कीसाइटचा ३४४६५ए किंवा सिग्लेंटचा एसडीएम ३०५५ यांना यूएसबीची वाट आहे. तुमचा मीटर यांपैकी नसेल तर मॅन्युअलमध्ये फर्मवेअर किंवा व्हर्जन हा शब्द शोधा. काही मीटर चालू होताना व्हर्जनचा आकडा क्षणभर दाखवतात, काहींच्या सेटअप मेनूमध्ये तो असतो. कुठेच काही सापडलं नाही तर अपडेटचा विषय तुमच्यापुरता संपला. खालची तपासणी मात्र तुमच्या मीटरलाही तितकीच लागू आहे.

फर्मवेअरच्या हातात काय आहे

प्रोबच्या टोकापासून डिस्प्लेपर्यंत वीज एका ठरलेल्या वाटेने जाते. लीड, सॉकेट, फ्यूज, संरक्षणाचे भाग, नॉबचे कॉन्टॅक्ट, व्होल्टेज विभागणारे रेझिस्टर, रेफरन्स, अॅनालॉगचा डिजिटल करणारी चिप. इथपर्यंत सगळं हार्डवेअर. त्यानंतर फर्मवेअर येतं. चिपने दिलेल्या कच्च्या आकड्याला ते कॅलिब्रेशनचा गुणक लावतं, सरासरी काढतं, कोणती रेंज घ्यायची ते ठरवतं आणि आकडा डिस्प्लेवर टाकतं.

म्हणून अपडेटने काय सुधारू शकतं? ऑटो-रेंज दोन रेंजच्या मध्ये अडकून मागे-पुढे उड्या मारत असेल तर ते. ऑटो-होल्ड भलत्याच क्षणी आकडा पकडत असेल तर ते. लॉगिंगमध्ये वेळेचा शिक्का चुकत असेल, ब्लूटूथ तुटत असेल, किमान-कमाल नोंदीत रेंज बदलतानाचा खोटा आकडा घुसत असेल, बॅटरीची खूण उशिरा येत असेल, तर ते. पण सरकलेला रेफरन्स, काळे पडलेले कॉन्टॅक्ट, उडालेला फ्यूज आणि आतून तुटत आलेली लीड यांवर कुठल्याही कंपनीचं फर्मवेअर उपाय करत नाही.

रिलीज नोट्समध्ये, म्हणजे अपडेटसोबतच्या बदलांच्या यादीत, "अचूकता सुधारली" असं मोघम वाक्य दिसलं तर मी तरी त्याला फार किंमत देत नाही. कोणत्या फंक्शनमध्ये, कोणत्या रेंजवर, काय चुकत होतं, हे लिहिलं असेल तरच ते वाक्य उपयोगाचं.

डिस्प्लेवरचे चार आकडे आणि मे महिना

डिस्प्लेवर दशांशानंतर दोन आकडे दिसतात म्हणून ते दोन्ही खरे, असं मानायचं नाही. मॅन्युअलमध्ये अचूकता अशी लिहिलेली असते: अधिक-उणे ०.५ टक्के अधिक ३ डिजिट. समजा, मीटर ६००० काउंटचा आहे (म्हणजे डिस्प्लेवर साधारण ६००० पर्यंतचे आकडे दिसतात) आणि ६० व्होल्टच्या डीसी रेंजवर बाइकची बॅटरी १२.६० दाखवतेय. १२.६० चे ०.५ टक्के म्हणजे ०.०६३. शेवटच्या जागेचे ३ डिजिट म्हणजे ०.०३. बेरीज साधारण ०.०९. म्हणजे खरं व्होल्टेज १२.५१ ते १२.६९ यांच्यामध्ये कुठेही असू शकतं, आणि तरीही मीटर चोख आहे.

मॅन्युअलच्या तळाशी आणखी एक ओळ असते, ती मुंबईकराने मुद्दाम वाचावी. ही अचूकता २३ अंश सेल्सिअस, अधिक-उणे ५ अंशांपुरती. म्हणजे १८ ते २८. हे तापमान कुणाच्या घरी असतं? ज्याच्याकडे दिवसभर एसी चालतो त्याच्या. २८ च्या वर गेलं की बऱ्याच मीटरमध्ये दर अंशाला मूळ अचूकतेच्या ०.१ पट इतकी चूक वाढीव धरायची असते. मे महिन्यात दुपारी माळ्याखालच्या खोलीत ३४ अंश असतील तर २८ च्या वर ६ अंश, म्हणजे ०.६ पट जादा. आपली ०.०९ ची मर्यादा ०.१५ वर गेली. तीच बॅटरी आता १२.४५ ते १२.७५ मध्ये कुठेही. चार्ज पूर्ण आहे की बॅटरी उतरायला लागलीय, हा फरकच त्या पट्ट्यात बुडून जातो.

त्याच ओळीत आर्द्रतेचीही अट असते, बहुतेक ७५ किंवा ८० टक्क्यांच्या आत. जुलै-ऑगस्टमधली मुंबई ती अट रोज मोडते. व्होल्टच्या मोजणीत त्याचा फारसा फरक जाणवत नाही, मोठ्या रेझिस्टन्सच्या मोजणीत मात्र जाणवतो. दमट बोर्डावरून आणि लीडच्या इन्सुलेशनवरून अगदी बारीक करंट गळतो आणि मेगाओहमच्या रेंजवर तेवढाही पुरतो.

अपडेटच्या आधीची तपासणी

पहिल्यांदा लीड. ओहमवर नॉब लावा, दोन्ही टोकं एकमेकांवर घट्ट दाबा. चांगल्या लीडला ०.१ ते ०.३ ओहमच्या आसपास दिसतं. आता टोकं तशीच दाबून ठेवून प्लगजवळची आणि हँडलजवळची वायर वाकवा, हळूच पिळा. आकडा उड्या मारायला लागला तर आतल्या तारा तुटत आल्यात. नवी जोडी घ्या, आणि घेताना तिच्यावर व्होल्टेज आणि कॅटेगरी छापलेली आहे का बघा. समुद्राजवळच्या घरांत, कुलाब्याला किंवा वर्सोव्याला, प्रोबची टोकं पावसाळ्यात हिरवट-काळी पडतात. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवला की पुरतं.

मग लीड मोकळ्या हवेत धरून मेगाओहमची रेंज. ओएल, म्हणजे रेंजच्या पलीकडे, असं दिसायला हवं. त्याऐवजी तीस-चाळीस मेगाओहम असा काहीतरी आकडा तरंगत असेल तर मीटरमध्ये किंवा लीडवर ओल आहे. सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात दोन दिवस ठेवा आणि पुन्हा बघा.

इथे नवशिक्यांची एक नेहमीची सवय सांगतो. एक मेगाओहमचा रेझिस्टर मोजताना त्याची दोन्ही टोकं बोटांनी प्रोबवर दाबून धरली जातात. मग आपलं शरीरच त्या रेझिस्टरला समांतर जोडलं जातं. मुंबईच्या घामट बोटांतून काही शे किलोओहमचा रस्ता सहज तयार होतो. डिस्प्लेवर एकच्या जागी ०.३ किंवा ०.४ मेगाओहम येतं आणि बिचारा रेझिस्टर कचऱ्यात जातो. एक टोक क्रोकोडाइल क्लिपने पकडा, दुसऱ्याला फक्त प्रोब टेकवा. बोट एकाच बाजूला लागलं तर चालतं.

नॉब. मीटर बंद असताना तो सगळ्या जागांवरून दहा-बारा वेळा इकडून तिकडे फिरवा. कॉन्टॅक्टवरचा थर बऱ्याचदा एवढ्यानेच निघतो. नाही निघाला तर मीटर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोल. गंजावर मारायचा तेलकट स्प्रे आत मारू नका, त्यावर धूळ बसते आणि पुढच्या वर्षी दुप्पट त्रास होतो.

डिस्प्लेकडे कुणी बघतच नाही. मीटर चालू होताना क्षणभर सगळे सेगमेंट, म्हणजे अंकांचे दांडे, एकदम पेटतात, तेव्हा नीट बघा. एखादा अंक अर्धवट असेल तर आतला रबराचा कॉन्टॅक्ट सैल झालाय. शेवटच्या अंकाचा मधला आडवा दांडा गेला की ८ चा ० होतो आणि २२८ चा २२०. मोजणी बरोबर, वाचन चूक. मीटर तुमच्याशी खोटं बोलत नाही, त्याला फक्त अर्धं बोलता येतंय.

दोन रीडिंग, ज्यांचं खापर उगाच मीटरवर फुटतं

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत एकाच पाइपातून पाच-सहा वायरी ओढलेल्या असतात. जिन्यातल्या दिव्याची बंद वायर मोजली की मीटर ७०-८० व्होल्ट दाखवतो. हात लागला तर काही होत नाही, दिवा लावला तर पेटत नाही, पण मीटरवर आकडा आहे. डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो. शेजारच्या चालू वायरीतून कपॅसिटन्सने आलेला अत्यल्प करंटही त्याच्यावर मोठं व्होल्टेज उभं करतो. याला घोस्ट व्होल्टेज म्हणतात. काही मीटरवर लो-झेड नावाची जागा असते, उदाहरणार्थ फ्लूक ११७ वर. तिथे इनपुट रेझिस्टन्स काही किलोओहमवर येतो आणि तो भुताचा आकडा शून्याजवळ कोसळतो. लो-झेडवरही व्होल्टेज टिकलं तर ते खरं आहे, मेन स्विच बंद करा. हा फरक ओळखता आला नाही तर माणूस एकतर घोस्टला घाबरतो किंवा, जास्त वाईट म्हणजे, खऱ्या फेजला घोस्ट समजतो. शंका असेल तेव्हा वायर चालूच आहे असं धरून वागा.

दुसरं म्हणजे एसी मोजताना साधा मीटर आणि ट्रू आरएमएस मीटर (लाटेचा आकार कसाही असला तरी तिचं खरं प्रभावी मूल्य मोजणारा) यांतली तफावत. साधा मीटर सरासरी काढतो आणि लाट साइन आहे असं गृहीत धरून तिला १.११ ने गुणतो. लाट साइन असेल तोवर दोन्ही जुळतात. डिमरवर लावलेला दिवा, एलईडी बल्बचा करंट, संगणकाचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय), इथे लाट तुकड्या-तुकड्यांची होते आणि साधा मीटर कमी दाखवतो, करंटच्या बाबतीत कधी ३०-४० टक्क्यांनीसुद्धा. यावर अपडेट नाही. मीटरच्या अंगावर ट्रू आरएमएस छापलेलं नसेल तर तो तसा होणार नाही.

वहीत काय लिहायचं

आता खरं काम. अपडेटच्या आधी आणि नंतर एकाच गोष्टी मोजायच्या आहेत, आणि त्या गोष्टी स्वतः न हलणाऱ्या हव्यात. मोबाइलचा चार्जर, नवा सेल किंवा घरातलं सॉकेट यातलं काहीच त्या कामाचं नाही, ती रोज वेगळी असतात.

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन एलएम ४०४० नावाचा छोटा रेफरन्स मिळतो, ठरलेलं २.५ व्होल्ट देणारी चिप. त्याच्या ए ग्रेडची चूक ०.१ टक्क्याच्या आत असते, म्हणजे २.५ मिलिव्होल्ट. ग्रेड विचारून घ्या, दुकानात बरेचदा खालचा ग्रेड त्याच नावाने हातात पडतो. ९ व्होल्टची बॅटरी, मध्ये ६.८ किलोओहमचा रेझिस्टर आणि पुढे हा रेफरन्स, एवढंच सर्किट. त्यातून साधारण १ मिलिअँपिअर वाहतो. कॉमन (काळी) लीड वजा बाजूला, लाल लीड रेफरन्सच्या अधिक पायावर. ०.५ टक्के अधिक ३ डिजिटवाल्या मीटरने ६ व्होल्टच्या रेंजवर, रेफरन्सची स्वतःची चूक धरून, २.४८२ ते २.५१८ मधलं काहीही दाखवलं तर तो मीटर आपल्या वचनात आहे. २.४९१ दाखवणारा मीटर वाईट नाही. फक्त तो अपडेटनंतरही २.४९१ च्या आसपासच राहिला पाहिजे.

त्याच्या जोडीला ०.१ टक्क्याचे दोन रेझिस्टर ठेवा, १०० ओहम आणि १० किलोओहम. दहा मेगाओहमचा एक साधा रेझिस्टरही घ्या. तो ९ व्होल्टच्या बॅटरीच्या आणि लाल प्रोबच्या मध्ये टाकला की १० मेगाओहम इनपुटचा मीटर निम्मं, म्हणजे साडेचारच्या आसपास दाखवतो. मीटरच्या पोटातला इनपुट रेझिस्टन्स शाबूत आहे की नाही, हे दोन रुपयांत कळतं.

एसीसाठी थेट सॉकेटमध्ये प्रोब घालायची हौस नको. १२-० चा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या, त्याची २३० ची बाजू पूर्ण झाकून घ्या आणि १२ ची बाजू मोजा. मेन्स, म्हणजे घरातला वीजपुरवठा, वर-खाली होत असतो, म्हणून शेजारी दुसरा मीटर एकाच वेळी लावा आणि दोघांतला फरक लिहा. दोन्ही मीटर एकाच मॉडेलचे नसले तर बरं, एकसारखे मीटर एकसारखे चुकतात.

वहीतल्या एका ओळीत तारीख, खोलीचं तापमान, आर्द्रता, बॅटरीची स्थिती, फर्मवेअरचा आकडा आणि ही सगळी रीडिंग. पाऊस पडत असताना घेतलेली नोंद अपडेटनंतर एअर कंडिशनरच्या खोलीत घेतलेल्या नोंदीशी ताडू नका. थंडगार ऑफिसातून बाहेर आणलेल्या मीटरवर दव धरतं, त्याला अर्धा तास तसाच राहू द्या.

अपडेट

पायरी १. रिलीज नोट्स वाचा. तुम्हाला छळणारा दोष त्यात नसेल तर अपडेट करू नका. मोबाइलसारखं "नवं आलंय म्हणून टाकलं" ही सवय मोजमापाच्या उपकरणाला लावायची नाही.

पायरी २. फाइल उत्पादकाच्याच साइटवरून. कुणी ड्राइव्हवर ठेवलेली, ग्रुपवर फॉरवर्ड झालेली फाइल नको. एकाच नावाच्या मॉडेलची दोन हार्डवेअर रूपं असू शकतात. मीटरच्या मागच्या लेबलवरचा रिव्हिजन आणि फाइलच्या नोट्समधला रिव्हिजन जुळवा. साइटवर चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारा आकडा) दिलेला असेल तर तोही ताडून बघा.

पायरी ३. मीटरमधल्या लॉग फाइल्स उतरवून घ्या, सेटिंगचे फोटो काढा. काही अपडेट सगळं पुसून टाकतात आणि ते नोट्समध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

पायरी ४. नवे सेल. अर्धे उतरलेले नाहीत, नवे. अपडेटच्या मध्ये वीज गेली की मीटर अर्ध्या प्रोग्रॅमवर अडकतो. त्याच कारणासाठी लॅपटॉपची बॅटरीही भरलेली हवी.

पायरी ५. लीड काढा. दोन्ही. मग केबल लावा. प्रोब एखाद्या सर्किटला टेकलेली असताना मीटरला संगणक जोडायचा नाही, हे मॅन्युअलमध्ये असो वा नसो.

पायरी ६. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या कृतीच्या पुढे-मागे काही करू नका. कार्डवाला मीटर असेल तर कार्ड मॅन्युअलने सांगितलेल्या फॉरमॅटमध्ये, बहुतेक वेळा फॅट ३२, आणि फाइलचं नाव जसं दिलंय तसंच, एका अक्षराचाही फरक नको. संगणकाने एकच फाइल दुसऱ्यांदा उतरवताना नावापुढे कंसात १ टाकलेला असतो आणि मीटरला ती फाइल सापडत नाही. बटणं दाबून मीटर सुरू करायचा असेल तर ती कोणती हे आधी कागदावर लिहून ठेवा. डिस्प्ले काही सेकंद कोरा राहिला तरी नॉब फिरवू नका. इन्फ्रारेड केबल असेल तर ती मीटरच्या मागच्या खिडकीवर नीट बसलीय ना, आणि तिच्यावर खिडकीतलं ऊन येत नाही ना, ते बघा.

पायरी ७. मीटर पुन्हा सुरू झाला की व्हर्जन वाचा. मग वही उघडून तीच मोजमापं, त्याच खोलीत, त्याच क्रमाने.

रेफरन्सवर एक-दोन काउंट, म्हणजे शेवटच्या अंकात एक-दोन, इकडे-तिकडे झाले तर दुर्लक्ष करा, तेवढं तापमानानेही होतं. दहा-पंधरा काउंटची उडी आली, किंवा एकाच फंक्शनमध्ये सगळी रीडिंग एका बाजूला सरकली, तर कॅलिब्रेशनचे आकडे पुसले गेले असण्याची किंवा नव्या प्रोग्रॅमला ते नीट वाचता येत नसण्याची शक्यता आहे. साधारणपणे ते आकडे प्रोग्रॅमपासून वेगळ्या जागी असतात आणि अपडेट त्यांना हात लावत नाही. पण साधारणपणे म्हणजे नेहमी नव्हे. अशा वेळी कॅलिब्रेशनच्या मेनूत शिरून स्वतः ठीक करायचा मोह होतो. तिथे एलएम ४०४० चालत नाही. ज्या मीटरची अचूकता ०.०५ टक्के आहे त्याला ०.१ टक्क्याच्या रेफरन्सवर बसवलं तर आपण त्याला बिघडवलंच. टेबलावरच्या मीटरमध्ये हा मेनू सुरक्षा कोडच्या मागे ठेवतात तो याचसाठी.

मेन्सवर परत जाण्याआधी

अपडेट झाल्यावर त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी फ्लॅटच्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डावर मीटर लावायची घाई असते. आधी ओळखीच्या चालू सॉकेटवर बघा, मग ज्या वायरीवर काम करायचं ती, आणि तिच्यावर शून्य आलं की पुन्हा त्याच चालू सॉकेटवर. मधल्या शून्याला तेव्हाच अर्थ येतो. लाल लीड १० अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, हे डोळ्यांनी बघा. ती तिथे असताना व्होल्ट मोजायला गेलात तर मीटर म्हणजे फेज-न्यूट्रलमधली जाड वायर. चांगल्या मीटरचा मोठा सिरॅमिक फ्यूज ते झेलतो, काचेच्या बारीक फ्यूजचा भरवसा नाही.

मीटरवर आणि लीडवर छापलेली कॅट म्हणजे सुरक्षेची कॅटेगरी. सॉकेटपर्यंतच्या कामाला कॅट टू पुरतो, घरातल्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डाला कॅट थ्री हवा, आणि त्यामागे, जिथे बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरणची वायर इमारतीत शिरते, ती कॅट फोरची जागा. सीलबंद कट-आउट (मुख्य फ्यूज) आणि विजेचा मीटर हे वीज कंपनीचे आहेत. नवशिक्याचं तिथे काही काम नाही.

मीटर अडकला तर

डिस्प्ले कोरा, बटणांना प्रतिसाद नाही. सेल काढा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा घाला. बऱ्याच मीटरमध्ये बूटलोडर, म्हणजे फर्मवेअर भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम, वेगळा सुरक्षित ठेवलेला असतो, म्हणून अपडेटची बटणं दाबून सुरू केलं की तो पुन्हा फाइल मागतो. दुसरं कार्ड, दुसरी केबल, दुसरा यूएसबी पोर्ट वापरून बघा. एवढ्याने जमलं नाही तर उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. जुना मीटर वॉरंटीत असेल तर उघडल्याने तीही जाते.

कारखान्यात किंवा कंत्राटाच्या कामात कॅलिब्रेशन सर्टिफिकेट लागत असेल तर फर्मवेअर बदलल्यावर ते सर्टिफिकेट अजून धरायचं का, हे तुमच्या गुणवत्ता विभागाला अपडेटच्या आधी विचारा, नंतर नाही. पुन्हा करून घ्यायचं ठरलं तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) मान्यता असलेली प्रयोगशाळा शोधा. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत, सीप्झसमोर, ईआरटीएल पश्चिम ही सरकारी प्रयोगशाळा आहे, खासगी प्रयोगशाळाही आहेत. मात्र मान्यता आहे एवढंच पाहू नका. तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत तुमची रेंज आहे का, ते विचारा. एसी करंटच्या मोठ्या रेंज बरेचदा व्याप्तीबाहेर असतात.

मीटर देताना अर्जावर लिहून द्या की आला तेव्हाची रीडिंग आधी घ्यावीत, मग काही अॅडजस्ट करायचं असेल तर करावं, आणि दोन्ही संच सर्टिफिकेटवर यावेत. नुसतं "अॅडजस्ट केल्यानंतर" असं सर्टिफिकेट हातात आलं तर गेले सहा महिने तुम्ही काय मोजत होतात ते कधीच कळणार नाही. वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडा आणि अपडेट कोणत्या तारखेला, कोणत्या व्हर्जनवरून कोणत्या व्हर्जनवर केलं, तेही त्याच अर्जात नमूद करा.